आडव्या काचेची कैफियत

मित्रांनो, मी एक जुना प्लाझ्मा टीव्ही आहे आणि खरे सांगायचे तर पार वैतागलो आहे. म्हातारा झालो याचे दुःख नाही. धडधाकट असताना मोडीत निघालो, याचा राग आहे.

माझ्या काचेच्या पोटात वायूने भरलेल्या लाखो बारीक खोल्या. वीज आली की त्या उजळत, थांबली की मिट्ट काळोख. मी घरी आलो तेव्हा मला उचलायला चौघे लागले आणि बघायला शेजारपाजार लोटला. आजोबांनी उभा जन्म फोटो स्टुडिओत काढला होता. ते जवळ येऊन म्हणाले, "याचा काळा रंग खरंच काळा आहे." इतके नेमके कौतुक माझे पुन्हा कोणी केले नाही.

पुढे पातळ, हलके, कमी वीज खाणारे एलईडी टीव्ही आले. आम्हाला बनवणारे कारखाने एकेक करून बंद पडले. घरातही कुरकुर सुरू झाली. आई म्हणायची, "टीव्ही आहे की शेगडी?" तापत होतो, कबूल. पण बातम्यांची तीच पट्टी दिवसभर लावून ठेवायचे बाबा, आणि तिचा डाग काचेवर उमटला की बोल मला. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरे काय.

एका सकाळी मी सुरूच झालो नाही. मेकॅनिकने मागचे झाकण उघडले.

"पॅनल ठणठणीत आहे. आतले दोन कपॅसिटर फुगलेत. उद्या आणून बसवतो."

"राहू द्या. नवा मागवलाय," बाबा म्हणाले.

"नवा येऊ दे की. हा माझ्या खोलीत लावू," आजोबा म्हणाले. "तुम्ही या उद्या."

जाताना मेकॅनिकने बजावले, "उभाच ठेवा. आडवा केलात तर काच तडकेल."

संध्याकाळी नवा आला. बाबांनी घाईघाईत मला गॅलरीत आडवे टाकले आणि वर त्याचे खोके ठेवले. मला ओरडताही येईना. काड्कन आवाज झाला.

दुसऱ्या दिवशी मेकॅनिक कपॅसिटर घेऊन आला. त्याने तड्यावरून बोट फिरवले. "आता उपयोग नाही. असा पॅनल कुठे बनतच नाही."

"एवढ्यानं तडकेल असं वाटलं नव्हतं," बाबा पुटपुटले.

"त्यांनी सांगितलं होतं," आजोबा म्हणाले आणि आत निघून गेले.

मित्रांनो, नवे खुशाल आणा. पण जुन्याला हात लावण्याआधी जाणकाराचे शब्द मनावर घ्या. मला दुरुस्त करायला अर्धा तास पुरला असता. माझी वाट लावायला तेवढाही लागला नाही.