सुराही छापची एक सिगारेट

तुकिमिनच्या अंगात येणारा म्हातारा आत्मा एक सिगारेट ओढली की अंगातून उतरायचा. मक्याच्या सालीत हाताने वळलेली, लवंग घातलेली ‘सुराही छाप’. बांबूच्या घोड्यावर अंगात येईपर्यंत नाचायचं, त्या घोडेनाचाचा रिवाजच होता तो: नैवेद्याच्या सुपात केळी, फुलं, काळी कॉफी आणि एक सुराही छाप. आज सुपात ती नव्हती आणि हे फक्त त्याच्या बायकोला, वागिनेमला ठाऊक होतं, कारण सूप तिनेच मांडलं होतं.

विसरली नव्हती ती. नवऱ्याची छाती अधू झाली होती. सहा महिने मुकाट गोळ्या गिळून त्याने धुराला तोंड लावलं नव्हतं, आणि म्हातारा ओढणार तो ह्याच्याच तोंडाने. एक दिवस कॉफीवर भागवेल, असं तिने मनाशी ठरवलं. बाई साफ चुकली.

बांबूचा घोडा मांड्यांत दाबून तुकिमिन तासभर घुमत होता. ओठांवर फेस आला होता. भगत रेसोआजांनी दोनदा कानात फुंकर मारली, तर त्याने त्यांनाच ढकलून दिलं.

“सुपातली सिगारेट कुठाय?” आजांनी विचारलं.

“मीच नाही ठेवली.”

“शहाणी आहेस. दिवस मावळायच्या आत उतरला नाही, तर तुझा नवरा तुला परत मिळत नाही, माहितीये ना? पळ.”

वागिनेम पळाली. दोन दुकानांत नुसत्या चकचकीत पाकिटांच्या चळती. सुराहीचा कारखाना बंद पडून चार वर्षं झाली होती; आजवर जुन्या साठ्यावर भागलं होतं. शेवटी लास्मीकाकूच्या टपरीत बरणीमागे एक सीलबंद पाकीट दिसलं.

“ऐंशी हजार रुपिया,” काकू म्हणाली.

“पंधराला मिळायचं की.”

“मिळायचं. आता शहरातले हौशी लोक येतात. ओढत नाहीत मेले, कपाटात मांडून ठेवतात. सील शाबूत लागतं त्यांना.”

“एकच सुटी द्या, काकू. तो उतरत नाहीये. वीसच आहेत माझ्याकडे.”

“सुटी दिली तर बाकीच्या काय मी ओढू?”

वागिनेमने पाकीट उचललं आणि दातांनी कागद टरकावला. “फुटलं सील.” वीस हजार फळीवर ठेवले, एक सिगारेट घेतली आणि ती निघालीसुद्धा. मागून शिव्यांचा भडिमार झाला. तो तिने कमावलाच होता.

मैदानात चौघांनी तुकिमिनला कसंबसं धरलं होतं. लवंगेचा वास येताच त्याने हात पुढे केला. छाती घरघरत होती. ती घरघर ऐकून वागिनेमचा जीव तुटला.

“आजोबा,” ती त्या अनोळखी डोळ्यांना म्हणाली, “ही छाती आजारी आहे हो. माझी घ्या.”

तिने सिगारेट स्वतःच्या ओठांत धरली. आजांनी थबकून तिच्याकडे पाहिलं, मग काडी ओढली. जन्मात पहिल्यांदा तिने झुरका घेतला, ठसकली आणि धूर बांबूच्या घोड्यावर सोडला. पुन्हा एक. पुन्हा एक. तुकिमिनची मान हळूहळू घोड्यावर झुकली आणि गुडघे दुमडले.

“वागी?” आवाज त्याचाच होता. “हे काय ओढतेस?”

तिला रडू फुटलं. ती सिगारेट टाकायला गेली.

“टाकू नकोस,” आजा म्हणाले. “अर्धी टाकलीस तर तो मागे फिरेल. आणि ह्यापुढे मागायला तुझ्याकडेच येणार तो.”

“येऊ दे.”

तिने नवऱ्याचं डोकं मांडीवर घेतलं, तोंड दुसरीकडे वळवलं आणि शेवटपर्यंत ओढली.