नववा व्हॉल्व्ह

चोरी झाली असती तर मी एवढा घाबरलो नसतो. चोरी माणसाला समजते. वस्तू होती, आता नाही, म्हणजे कुणीतरी नेली. पण त्या सकाळी मी अंड्यांचा ट्रे फळीवरून खाली काढला आणि त्यात नऊ व्हॉल्व्ह निघाले. माझ्या गाडीला व्हॉल्व्ह आठ. अकरा वर्षांपूर्वी मी माझ्या हातांनी आठ काढले, ट्रेच्या आठ खळग्यांत बसवले, खळग्यांवर आकडे घातले. ते काही कोंबडीनं घातलेले नव्हते, आपोआप एक वाढायला.

गाडी माझ्या सासऱ्यांची. ती रस्त्यावर होती तेव्हा तिचा भोंगा वाजला की तीन गल्ल्या जाग्या व्हायच्या आणि चौथीतली माणसं "आलो, आलो" म्हणत दार उघडायची. खोटं वाटत असेल तर चौथ्या गल्लीत विचारा. सासरे गेल्यावर गाडी आमच्याकडे आली आणि "महिन्याभरात नवी करतो" असं सांगून मी ती उघडली. तीस वर्षं कारखान्यात फिटर होतो. उघडण्यात माझा हात धरणारा अजून जन्मायचाय. अंगणाकडे रुंद दार असलेल्या आमच्या खालच्या खोलीत मधोमध विटांवर सांगाडा. दरवाजे भिंतीला टेकलेले. पिस्टन बायकोच्या लोकरी मोज्यांत, एका मोज्यात एक, ओरखडा पडू नये म्हणून. डायनॅमो जुन्या कुकरमध्ये, गिअरबॉक्स मुलीच्या पाळण्यात. पाळण्यात इतकी वर्षं इतकं शांत कुणी झोपलं नसेल.

आणि आता दिवस भरत आले होते. बायकोच्या गुडघ्याचं ऑपरेशन एकवीस तारखेला ठरलं. डॉक्टरांनी बजावलं, तीन महिने जिना चढायचा नाही. आमच्या झोपायच्या खोल्या वर. खाली स्वयंपाकघर, मोरी आणि ही एक खोली, जिच्यात मुंगीलासुद्धा अंग चोरून शिरावं लागे.

"अहो, वीस तारखेला संध्याकाळी माझी खाट इथे लागणार," बायको दारातून म्हणाली. आत यायला जागाच नव्हती. "तुमची गाडी तोवर चार चाकांवर उभी राहून अंगणात गेली तर गेली. नाहीतर भंगारवाला हातगाडी घेऊन येणार आहे. मी त्याला सांगून ठेवलंय."

"अगं, तुझ्या वडिलांची गाडी ती!"

"वडिलांची होती तेव्हा गाडी होती. तुमच्याकडे आल्यापासून ते सामान आहे."

तीन आठवडे हातात होते. मी पाना उचलला, कामाला बसलो, आणि पहिल्याच दिवशी नववा व्हॉल्व्ह. नऊही घासूनपुसून लख्ख, आणि एक बाकीच्यांपेक्षा केसभर लांब. कुठला, ते मोजपट्टी लावल्याशिवाय कळेना. माझ्या मनात पाल चुकचुकली. पुढच्या सोमवारी कुकर उघडला तर आत दोन डायनॅमो. त्याच्या मागच्या फळीवर तिसरा हेडलाइट. दुसऱ्याच्या गाडीतले भाग माझ्या भागांत मिसळत चालले होते. असंच चाललं असतं तर मी जे जोडलं असतं त्याला ना धड पुढे जाता आलं असतं ना मागे.

विचार केला. जो भाग वाढवतो, त्याला गाडी उभी राहायला नकोय. उभी राहायला कुणाला नकोय? भंगारवाल्याला. वजन वाढलं की त्याचा माल वाढला. मी त्याला कोपऱ्यावर गाठलं.

"काका, डोकं ठिकाणावर आहे का?" तो म्हणाला. "मी लोकांच्या घरातून लोखंड बाहेर काढतो. आत नेऊन ठेवायला मला काय वेड लागलंय?"

बोलणं बरोबर होतं. म्हणून मला त्याचा जास्तच संशय आला. पण तो माणूस आमच्या उंबऱ्याच्या आत कधी पाऊल टाकत नसे, बायकोच खोलीच्या आसपास असे. मग काय, तिच्यावर नजर. दुपारी मी डोळे मिटून पडलो की जिन्यावर पावलं वाजत, एक एक पायरी थांबत थांबत. विचारलं तर म्हणे, "पाणी प्यायला गेले होते." माठ वरच्या खोलीतही आहे. नक्कीच पाणी मुरत होतं, आणि ते माठात नव्हतं.

जावयावर संशय घ्यायचा प्रश्नच नव्हता. असा जावई लाखात एक. दोन वर्षं दर रविवारी, न बोलावता, सासुरवाडीला हजर. बायको शेजारणींना सांगून थकत नसे: "आमच्या जावईबापूंना माझ्या हातचं जेवल्याशिवाय आठवडा जात नाही." येताना खांद्याला डब्याची पिशवी, जाताना पिशवी हलकी. मी प्रत्येकाची पिशवी जाताना चाचपून बघत होतो, अगदी त्याचीही, हसत हसत. त्यात काही नसे. येणारी पिशवी कोण तपासतो?

शेवटी मी ब्लू काढली. व्हॉल्व्ह नीट टेकतोय का ते बघायला आम्ही फिटर लोक निळं मलम लावतो. ते वाळत नाही, पातळ लावलं की पटकन दिसत नाही, आणि बोटाला लागलं की बोट, बोटावरून कान, कानावरून उशी, सगळं निळं. एकदा कारखान्यात माझ्या हाताला लागलं होतं, तर आठवड्यानं साहेबांच्या टकलावर निघालं. मी साहेबांना शिवलोही नव्हतो. ते मलम मी खोलीच्या कडीला आतल्या अंगानं लावलं आणि रविवारी सकाळी, मुलगी आणि जावई आल्याबरोबर, मोठ्यानं जाहीर केलं, "न्हाव्याकडे जाऊन येतो. तासभर लागेल." आणि खरंच तासभर कोपऱ्यावर उभा राहिलो.

जेवायला बसलो. मी खाली मान घालून एकेकाचे हात बघत होतो. जावयाच्या उजव्या हाताची तीन बोटं निळी. माझा घास हातातच राहिला. मग मुलीनं भाताचं भांडं पुढे केलं. तिचा अंगठा निळा. बायको वाढायला वाकली, तिच्या कपाळावर बोटभर निळा पट्टा.

"सगळ्यांनी हात वर करा," मी म्हणालो.

"बाबा, जेवताना काय हे?"

"वर करा म्हणतो ना!"

सहा हात वर झाले. कुणीच स्वच्छ नव्हतं.

"आणि तुमच्या नाकाला काय झालंय?" बायकोनं विचारलं. मी नाक पुसलं आणि ते आणखी पसरलं.

बायको सगळ्यात आधी बोलली, कारण तिला कुणाचं भय नव्हतं. "मी रोज दुपारी खाटेसाठी माप घेते. दाराजवळून टेप टाकते. आज तुम्ही बाहेर होतात म्हणून सकाळीच घेतलं. रोज वाटतं, आज तरी टेप भिंतीला टेकेल." एवढंच म्हणून तिनं पदरानं कपाळ पुसलं. रोज दुपारी, तो गुडघा घेऊन, सोळा पायऱ्या.

मी मुलीकडे वळलो. "आणि तू?"

"मी ह्यांच्या मागे गेले होते." तिनं नवऱ्याकडे बघितलंसुद्धा नाही. "बाबा, आमच्याकडे शाम्पूची बाटली आठ दिवसांत संपते. हे शनिवारी रात्रभर न्हाणीघरात असतात आणि रविवारी सुगंध दरवळत बाहेर पडतात. केस बघा त्यांचे, आहेत किती? मला वाटलं, दुसरी कुणीतरी आहे."

जावई पानातल्या भाताशी बोलल्यासारखा म्हणाला, "आहे."

बायकोच्या हातून पळी पडली.

"म्हणजे तशी नाही. चार चाकांची आहे. बाबांच्या गाडीसारखीच, दोन वर्षांनी लहान. मित्राच्या गोठ्यात तिचा सांगाडा ठेवलाय. हिनं घरात एक स्क्रूसुद्धा ठेवू दिला नसता. मग विचार केला, उघडलेली गाडी लपवायला उघडलेल्या गाडीइतकी चांगली जागा कुठली? शनिवारी धुवायचं, रविवारी आणायचं. रॉकेलनं धुतलं असतं तर हिला वास आला असता, म्हणून शाम्पू."

"दोन वर्षं?" मी विचारलं.

"शंभरेक रविवार."

"म्हणजे माझ्या हातचं जेवायला..." बायको म्हणाली आणि तिथेच थांबली. जावयानं घाईघाईनं तिसऱ्यांदा भात मागितला. तो तिनं वाढला, पण तूप वाढलं नाही.

आठ दिवस उरले होते. दोन गाड्यांचे हजारभर तुकडे, आणि भंगारवाल्याला त्यांत फरक करायची गरज नव्हती. आम्हाला होती. मी मोजपट्टी घेतली, जावयानं भिंग घेतलं, आणि आम्ही पहिल्याच नटावरून भांडलो. तो म्हणे माझा, मी म्हणे माझा. मला तर शंका आली की हा भोळा चेहरा करून चांगले चांगले भाग आपल्याकडे ओढतोय. तोही माझ्याकडे तसाच बघत होता.

मुलीनं आमच्या हातातून नट काढून घेतला, नाकाला लावला आणि जावयाच्या बाजूला टाकला. "शाम्पू." दुसरा उचलला. "रॉकेल, बाबांचा." दोन दिवसांत तिनं सगळी खोली हुंगून वेगळी केली. व्हॉल्व्ह, डायनॅमो, स्प्रिंगा, काही सोडलं नाही. मधूनच नवऱ्याला म्हणे, "हा माझा महागडा शाम्पू होता," आणि तो मान खाली घालून पेटी उचले. मी गपचूप तिच्या ढिगातले तीन नट पुन्हा हुंगून बघितले. विश्वास आहे माझा मुलीवर, पण तिनं लग्न कुणाशी केलंय ते विसरून कसं चालेल?

गाडी मी इंजिनावर चालवत बाहेर काढणार होतो. ते स्वप्न चौथ्या दिवशी सोडलं. इंजिन नुसतं आत बसवलं, स्टिअरिंग लावलं, ब्रेक लावले. ढकलत तर ढकलत. वीस तारखेच्या दुपारपर्यंत तीन चाकं चढली आणि भंगारवाला हातगाडी दारात लावून तिच्यावरच पाय सोडून बसला.

चौथं चाक, पुढचं डावं. मी डबा उघडला आणि लगेच झाकला.

"काय झालं?" जावयानं विचारलं.

"काही नाही."

त्यानं डबा माझ्या हातातून घेतला. आत बेअरिंग नव्हतं, गंजाचा लाडू होता. मला ते अकरा वर्षं माहीत होतं. बाजारात ते मिळत नाही. करणारा कारखाना बंद पडला ती माझे केस काळे होते तेव्हाची गोष्ट. ह्या एका बेअरिंगपायी मी गाडी कधी जोडायला घेतली नाही, हे मी बायकोला सांगितलं नव्हतं, आणि तेव्हाही सांगितलं नाही.

जावयाच्या पेटीत तसंच बेअरिंग होतं, तेलात ठेवलेलं, आरशासारखं. आम्ही दोघांनी त्या पेटीकडे बघितलं. मग एकमेकांकडे. तो पेटीच्या थोडा पुढे सरकला. ते दिलं तर त्याची गाडी आयुष्यभर गोठ्यात तीन चाकांवर. मी मागणार नव्हतो. जावयापुढे हात पसरायचा म्हणजे काय? आणि मागितलं असतं तरी हा देणार नाही, असं त्याच्या चेहऱ्यावर मला स्वच्छ वाचता येत होतं.

बाहेर भंगारवाला ओरडला, "काका, उचलू का?"

तेवढ्यात जिन्यावरून बायको उतरायला लागली. एक पाय खालच्या पायरीवर, मग दुसरा त्याच पायरीवर. हात भिंतीला. थांबणं. काखेत उशी. खाट अजून वरच होती आणि ही उशी घेऊन निघाली होती. सातव्या पायरीवर तिनं डोळे मिटून श्वास घेतला. आपल्याला कुणी बघतंय हे तिला ठाऊक नव्हतं, नाहीतर ती अशी थांबली नसती.

मी भंगारवाल्याला हाक मारायला तोंड उघडलं. खरं सांगतो, "उचल सगळं," असंच म्हणणार होतो. पण मागे जॅकचा आवाज झाला. वळून बघतो तर जावई खाली बसून आपलं बेअरिंग माझ्या चाकाच्या हबमध्ये दाबत होता. एक शब्द नाही, एक अट नाही.

चार चाकांवर गाडी उभी राहिली आणि भंगारवाल्यासकट आम्ही चौघांनी ती अंगणात ढकलली. संध्याकाळी खाट लागली. बायकोनं टेप टाकली, ती भिंतीला टेकली. ऑपरेशन झालं, आता ती काठी घेऊन अंगणापर्यंत जाते आणि वडिलांच्या गाडीत बसून भाजी निवडते. जावयाला पुन्हा तूप मिळायला लागलंय. सगळं छान आहे.

फक्त मला झोप लागत नाही. इतकं दुर्मीळ बेअरिंग माणूस न मागता, हूं की चूं न करता, देऊन टाकतो? त्याच्याकडे दुसरं असणार. परवा मी सहज फिरत फिरत त्या गोठ्याकडे गेलो होतो. दाराला कुलूप होतं, आणि कडीला आतल्या अंगानं काहीतरी निळं लागलेलं होतं. मी हात लावला नाही.