तीन केविन आणि एक चिठ्ठी

नवा हायवे विराबीन गावाला वळसा घालून गेला आणि नोलीनच्या बेकरीचं निम्मं गिऱ्हाईक त्या वळशावरूनच पसार झालं. मेलबर्नच्या एका जाहिरातवाल्यानं इंटरनेटवर तिचं नाव गाजवायचे महिन्याला नऊशे डॉलर सांगितले.

"नऊशेत मी घरोघर जाऊन लोकांच्या तोंडात सॉसेज रोल कोंबीन," म्हणत तिनं फोन आपटला.

फुकटात एकच जागा होती, गावाचा फेसबुक ग्रुप. पण त्याच्या किल्ल्या मर्व्हकडे. मर्व्ह हा निवृत्त पोस्टमास्तर. त्याचा नियम असा, की धंद्याची जाहिरात फक्त सोमवारी. आणि सोमवारी नोलीनची बेकरी बंद.

"मर्व्ह, माझ्यापुरता मंगळवार कर ना रे."

"तुला मंगळवार दिला, तर उद्या न्हावी बुधवार मागेल," मर्व्ह स्कोन हा जॅम लावून खायचा छोटा पाव चावत म्हणाला. "नियम म्हणजे नियम. जॅम वाढ जरा."

सापडलेल्या वस्तूंना मात्र वाराचं बंधन नव्हतं. एका गुरुवारी कुणीतरी बेकरीत छत्री विसरलं. नोलीननं सरळ मनानं तिचा फोटो टाकला. संध्याकाळपर्यंत नऊ बायका छत्री बघून गेल्या. छत्री एकीचीही नव्हती, पण सात जणी काही ना काही बांधून घेऊन गेल्या.

नोलीनच्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

पुढच्या आठवड्यात तिला एक गमबूट 'सापडला', तोही फक्त डावा. मग कवळी सापडली. ती तिच्या कैलासवासी नवऱ्याची होती, पण हे कोण ओळखणार? कवळीमागे ताज्या लॅमिंग्टन केकचा ट्रे अगदी चुकून फोटोत आला होता. कवळी कुणाची यावर ग्रुपवर दोन दिवस पैजा लागल्या आणि ट्रे तीनदा भरावा लागला.

मग तिला हाव सुटली. तिनं एका कागदावर लिहिलं, 'केविन, माफ कर. चूक माझीच होती. तोंडावर सांगायचं धाडस होत नाही.' खाली सही नाही. पाकिटावर मोठ्या अक्षरात 'केविन' लिहून तिनं फोटो टाकला आणि वर मजकूर जोडला, 'चार नंबरच्या टेबलाखाली सापडलं. मी उघडून पाहिलेलं नाही. वाचून डोळ्यांत पाणी येतं.'

गावात केविन तीन. पहिला प्लंबर. तो सकाळी साडेसातलाच हजर झाला. "ही माझी सासूच!" म्हणून त्यानं आनंदानं डझनभर सॉसेज रोल घेतले. दुसरा शाळेची बस चालवायचा. त्याला वाटलं, गोल्फमध्ये फसवणाऱ्या मित्राला उपरती झाली. त्यानं कॉफी मागवली. ती पिऊन झाल्यावर दुसरी मागवली.

तिसरा मेंढ्या पाळणारा केविन ड्वायर. त्यानं उभ्या उभ्या चिठ्ठी वाचली आणि डोक्यावरची हॅट काढली. नोलीनला एकदम सगळं आठवलं. अकरा वर्षांपूर्वी हा इस्पितळात असताना त्याची कुत्री भावानं, रॉसनं, सांभाळली होती. ती सुटली आणि गाडीखाली गेली. साखळी आपोआप तुटली, असं रॉस सांगत राहिला. तेव्हापासून कुंपणाला कुंपण लागून असूनही दोघं एकमेकांशी बोलत नव्हते.

"केविन, अरे ऐक, ती चिठ्ठी..."

"काही बोलू नकोस, नोलीन. इथंच रडायला लागेन मी."

चिठ्ठी शर्टाच्या खिशात घालून तो निघून गेला. काही न घेता गेलेला तो पहिलाच केविन.

शुक्रवारी मर्व्ह आला आणि फोन नाचवत म्हणाला, "चाळीस वर्षं या गावाची पाकिटं वाचलीत मी. अक्षराची ही वाकडी शेपटी रोज तुझ्या भावाच्या फळ्यावर बघतो. बाई, चिठ्ठी तूच लिहिलीस! आत्ता ग्रुपवर टाकतो."

"टाक. तशीही मला झोप नाही," नोलीन म्हणाली, आणि खरंच नव्हती.

तेवढ्यात दार उघडलं. केविन ड्वायर आत आला आणि त्याच्या मागून रॉस. दोघं खिडकीशी बसले. आधी लोकरीच्या भावावर बोलले, मग गुडघ्यांवर. मग केविन काहीतरी पुटपुटला आणि रॉस एवढा हसला की त्याला ठसका लागला.

मर्व्हनं फोन हळूच खिशात टाकला. नोलीननं त्याच्यापुढं स्कोन सरकवला. "पैसे नकोत."

"ही लाच झाली."

"लाच कसली? जाहिरात."

"आज शुक्रवार आहे," मर्व्ह गुरगुरला, पण स्कोन खाल्ला.

केविन गाडीतून चष्मा आणायला गेला, तशी नोलीन धीर करून रॉसपाशी गेली. "रॉस, ती चिठ्ठी माझी होती. गिऱ्हाईक यावं म्हणून केलेला चावटपणा. माफ कर मला."

"ठाऊक आहे. मी लिहिली नाही, एवढं तर मला कळणारच." त्यानं कप बशीत फिरवला. "तो दारात येऊन म्हणाला, माफ केलं. मी म्हटलं, आत ये, बस. साखळी तुटली नव्हती गं. मीच लावायला विसरलो होतो. तेही त्याला सांगून टाकलं."

दार वाजलं. केविन चष्मा पुसत आला. "काय कुजबुज चाललीय?"

"तुझ्या उधळेपणाची," रॉस म्हणाला. "बिल तू देणार, असं सांगतोय तिला."

"मी? बोलावलंस तू!"

दोघं भांडत राहिले आणि नोलीन आणखी दोन सॉसेज रोल गरम करायला आत गेली.