मांदेलीचा उपास

नाकाच्या शेंड्यावर एक करडा कण येऊन बसला होता... डोळे तिरळे केले की दिसायचा, सरळ केले की नाहीसा व्हायचा. इनासने तो पुसला नाही. उतारूंना पलीकडे नेणारी तर, ती मोठी होडी, खाडीच्या मध्यावर आली होती, कोर्लईचा डोंगर मागे पडत होता, समोर रेवदंड्याच्या माडांत ऊन उतरत होतं, आणि इनास वेगस, मराठी शाळेतला दुय्यम शिक्षक, दोन्ही हात मांडीखाली दाबून बसला होता – हात मोकळे राहिले तर सवयीने घाम पुसायला वर जातील, आणि कपाळावर पहाटे पाद्रीबाबांनी अंगठ्याने ओढलेला राखेचा क्रूस त्याला शाळेपर्यंत शाबूत न्यायचा होता.

गेल्या वर्षीच्या झावळ्यांची राख. झावळ्यांच्या रविवारी आशीर्वाद दिलेल्या पात्यांचा क्रूस मांय वळते, दारावर खोचते, तो वर्षभर वाळतो, मग उपासकाळाच्या तोंडावर देवळात परत द्यायचा, तिथे तो जळतो आणि राखेच्या बुधवारी आपल्याच कपाळावर येतो. माणसा, तू माती आहेस आणि मातीला मिळशील... हे गोगट्यांना कसं सांगायचं ते त्याने मनात रचून ठेवलं होतं. कुठे थांबायचं तेसुद्धा.

हेडमास्तर गोगटे चौकस माणूस. पाण्याचा तांब्या इनासचा वेगळा, पण मधल्या सुट्टीतल्या गप्पा एकाच बाकावर. वेगस, तुमचं ते पापनिवेदन म्हणजे नेमकं काय हो? आणि इनास सांगायचा. त्याची तीन अंगं: मनापासून पस्तावा, तोंडाने कबुली आणि मग भरपाई – जे बिघडवलं ते जिथल्या तिथे नीट करणं. "वा! म्हणजे आमच्या प्रायश्चित्तासारखंच की," गोगटे मान डोलवायचे. ती मान डोलली की इनासला फार बरं वाटायचं, आणि तेवढ्या बरं वाटण्यासाठी तो हळूहळू धर्माचे कोपरे घासू लागला होता. जपमाळ सोपी गेली. देवळात मिस्सेच्या उपासनेत मिळणारी भाकर ही नुसती खूण नव्हे, ते खरंच प्रभूचं शरीर असतं, हे सांगायची वेळ आली तेव्हा तो 'प्रसादासारखं' म्हणून मोकळा झाला. घासून घासून सगळं कसं गुळगुळीत झालं होतं. येत्या रविवारी गावच्या वाचनालयात त्याचं व्याख्यान ठरलं होतं – 'ख्रिस्ती लोकांची व्रते'. वाचनालयाच्या त्या खुर्चीवर आजवर कोर्लईचा माणूस बसला नव्हता.

आणि काल गोगट्यांनी विचारलं होतं, "उपासाला तुम्ही खाता काय?"

खरं उत्तर साधं होतं. दिवसात एकच पोटभर जेवण, मांस वर्ज्य. मासा मात्र मांसात धरत नाहीत, तो चालतो. मांय तर या दिवशी हटकून मांदेलीचं कालवण करते. पण गोगट्यांच्या ओठांच्या कडेला हसू आधीच येऊन थांबलेलं त्याला दिसलं – मासे खाऊन उपास! रविवारी सगळं वाचनालय पोट धरून हसेल... आणि तो म्हणून गेला, "काही नाही. सूर्यास्तापर्यंत फक्त पाणी."

गोगट्यांनी हात जोडले होते. निर्जळीच्या खालोखाल, म्हणाले.

म्हणून आज तो डबा न घेताच निघाला होता. मांयला काही सांगितलं नाही. तिला काय सांगणार? की तुझा उपास मी थोडा सुधारून घेतलाय?

दुपारी मधली सुट्टी झाली. गोगटे आणि आणखी दोन शिक्षक बाकावर, इनास समोर उभा, कपाळावरचा क्रूस अजून काळाभोर, आणि तो झावळ्यांचं सांगत होता, छान सांगत होता, त्याला स्वतःलाच कळत होतं की छान चाललंय – तेवढ्यात फाटकाशी लुगड्याचा लाल काठ दिसला. मांय. भर उन्हात तरीवरून आलेली, पावलं रेतीने माखलेली, पदराखाली डबा. विसरला असेल पोर, एवढंच तिच्या मनात. दिवसाचं एकच जेवण, तेही चुकलं तर...

ती ओसरीवर आली, डबा टेकवला आणि कालवण सांडलं तर नाही हे पाहायला तिने झाकण जरासं उचललं. आंबट, तिखट वास बाकापर्यंत गेला. एका शिक्षकाने धोतराचा सोगा नाकाला लावला. गोगट्यांनी आधी डब्याकडे पाहिलं, मग इनासकडे, आणि त्या नजरेत अजून काहीच नव्हतं, नुसता प्रश्न होता. त्या प्रश्नाला खरं उत्तर देता आलं असतं. एक वाक्य पुरलं असतं.

मायलेकरं आपसांत कधी मराठी बोलत नसत. कोर्लईची पोर्तुगीज वळणाची बोली तीच घरची, तीच भांडणाची, तीच देवाची. पण इनास बोलला तो शुद्ध मराठीत, बाकावर ऐकू जाईल अशा आवाजात.

"मांय, आज उपास आहे ना? आणि तू हे मासे घेऊन आलीस?"

तिने वर पाहिलं. मराठी ऐकून पाहिलं. मग बाकावरच्या माणसांकडे, मग पुन्हा त्याच्याकडे – आणि तिला कळलं. काय कळलं ते देव जाणे, पण तिचा चेहरा मिटला आणि तिने झाकण दाबून बसवलं.

"इसरले रं बाबा," ती म्हणाली. मराठीतच. "म्हातारपण हाय. ध्यानात न्हाय राह्यलं."

जिने मला हा उपास शिकवला, तापात पडली तरी जिने तो कधी मोडला नाही, जी आत्ताही उपाशी होती, कारण मुलाचं जेवण झाल्याशिवाय ती स्वतःचं ते एक जेवण जेवत नाही – ती, कपाळावर राख लावून, परक्या ओसरीवर उभी राहून म्हणाली की विसरले... आणि मी तिला म्हणू दिलं.

"असू दे आजी, वयाने व्हायचंच," गोगटे म्हणाले. फार मऊ म्हणाले. भला माणूस, मग ते तिला समजावूनही सांगू लागले. चाळीस दिवसांचं हे तुमचं व्रत. येशूंनी रानात उपास केला, त्याची आठवण. आज पहिला दिवस, सूर्यास्तापर्यंत नुसतं पाणी घ्यायचं, बरं का? इनासचीच वाक्यं, त्यानेच बसवून दिलेली, एकेक सुबक वाक्य, आणि मांय डोक्यावरचा पदर सावरत, "व्हय... व्हय जी..." करत ऐकत होती. आपला धर्म गोगट्यांकडून शिकत होती. इनासला वाटलं, ओसरीची फरशी आत्ता खाली जाईल तर बरं. फरशी कुठे जाते! ती डबा उचलून गेली. गोगटे म्हणाले, "हं, तर झावळ्यांचं काय सांगत होतात?"

आणि त्याने सांगितलं. पुढचंही सांगितलं.

संध्याकाळी धक्क्यावर ती बसलेली होती. दुपारच्या तरीने गेली नव्हती. तो शेजारी येऊन बसला. तिने रागवावं, बोलीत चार शिव्या हासडाव्यात, निदान तोंड फिरवावं, असं त्याला इतकं वाटत होतं की तो तिच्या तोंडाकडे बघतच राहिला. संध्याकाळची तर सुटली तेव्हा समोरच्या फळीवरच्या नीराबाई कोळणीने रिकाम्या टोपलीवरून वाकून डबा हलवून पाहिला.

"आगो, भरल्यालाच हाय! मास्तर जेवला न्हाय?"

"पोटात दुखत व्हतं त्याच्या," मांय म्हणाली.

पुन्हा एकदा.

शनिवारी पापनिवेदनाला पाद्रीबाबांच्या जाळीशी गुडघे टेकले की दोन अंगं उरकतील – पस्तावा तर हा काय, झालेलाच होता, आणि कबुली अंधारात, कुजबुजत. तिसरं अंग मात्र जाळीपाशी नव्हतं. ते मागे, रेवदंड्यात होतं. वाचनालयाच्या खुर्चीवर, समोर गोगटे, त्यांच्या ओठांच्या कडेला थांबलेलं हसू... आमच्या उपासाला मासा चालतो. माझी आई काही विसरली नव्हती. एवढंच म्हणायचं. त्याने मनात म्हणून पाहिलं. पहिलं वाक्य जमलं. दुसरं अर्ध्यावरच तुटलं. त्याने पुन्हा सुरुवात केली.

वारा पडला होता. दिवसभराच्या उन्हाने, घामाने, पदर ओढून ओढून मांयच्या कपाळावरचं सगळं पुसून गेलं होतं, तिथे नुसत्या सुरकुत्या होत्या. इनासने स्वतःच्या कपाळाला बोट लावलं. राख तशीच होती, जराही न विस्कटलेली.