पाटीवरची मुंगी

शाळेची बॅग पाठीवरून न उतरवताच तिनं काचेच्या कपाटाला भिंग टेकवलं, एक डोळा मिटला आणि टाचणीवरचा लाल-काळा किडा तिसऱ्यांदा पाहिला.

"बाबा, ही पाटी चुकलीय."

बाबा शिडीवर होते. संग्रहालयातल्या सगळ्या पाट्या त्यांच्याच हातच्या. वीस वर्षांत एका अक्षराचं पोट सुटलं नव्हतं की मान वाकडी झाली नव्हती. 'मखमली मुंगी' ही तर त्यांची लाडकी पाटी.

"अक्षर चुकलंय?" त्यांचा ब्रश थांबला.

"अक्षर झकास आहे. मुंगी चुकलीय. ही गांधीलमाशी आहे. मादी आहे, म्हणून पंख नाहीत."

"चिमणे, मी लिहिणारा माणूस. काय लिहायचं ते साहेब सांगतात. सोमवारी किड्यांचं दालन उघडतंय, तोवर तोंडाला कुलूप लाव."

मागच्या वर्षी तिनं ते मुकाट्यानं लावलं असतं. तेव्हा ती वर्गात हजेरीसुद्धा पुटपुटत द्यायची. पण सोमवारी तिचाच वर्ग इथे येणार होता, आणि चाळीस पोरं बाबांच्या देखण्या अक्षरातली चूक वहीत उतरवून घेणार होती. तिनं सरळ जाऊन प्रमुख साहेबांना खोलीतून बोलावून आणलं.

"बिनपंखांची गांधीलमाशी?" साहेब हसले. "उद्या बिनसोंडेचा हत्ती आणशील."

तिनं बॅगेतून काचेची बरणी काढली. तळाला शाळेच्या मैदानातली वाळू, आणि वाळूवर तुरुतुरु धावणारा, मखमलीच्या चिंधीतून कापून काढल्यासारखा एक केसाळ जीव.

"मुंगीच्या मिशा कोपरासारख्या वाकतात, हिच्या नाही वाकत. मुंगीच्या कमरेला गाठ असते, हिला नाही. आणि डिवचलं की ही बोलते." तिनं बरणी हलवली. आतून बारीक चिरचिर ऐकू आली.

साहेबांनी चष्मा वर केला, खाली केला. "मुंगीच आहे."

"मग घ्या हातावर."

तिनं झाकण काढलं आणि बरणी तिरकी धरली.

"चिमणे," बाबा शिडीवरून म्हणाले. एवढंच.

साहेबांनी हात पुढे केला. किड्यांत केस पांढरे झालेला माणूस, मुंगीला काय भिणार? तो जीव बरणीच्या काठावर आला. खिडकीतलं ऊन त्याच्या पाठीवर पडलं आणि लाल रंग निखाऱ्यासारखा पेटला. साहेबांचा हात वीतभर अलीकडे थांबला. बोटं आपसूक मिटली.

तिनं हळूच झाकण लावलं.

"डसू दिली नसती मी. झाकण हातातच होतं," ती म्हणाली. "पण तुम्ही थांबलात ना, त्याच्यासाठीच असतो तिचा रंग."

साहेबांनी तिच्याकडून भिंग घेतलं आणि कपाटापाशी वाकले. बराच वेळ वाकलेलेच राहिले.

"अठरा वर्षं हिला मुंगी म्हणतोय मी," शेवटी ते काचेलाच म्हणाले. मग बाबांकडे वळले. "खरवडा."

बाबा खाली उतरले. पात्यानं त्यांनी फक्त 'मुंगी' खरवडली. 'मखमली' तशीच ठेवली. फुंकर मारून भुगा उडवला. सवयीनं काळ्या रंगात ब्रश बुडवला आणि सवयीनंच साहेबांकडे पाहिलं. साहेब बरणीत बघत होते.

बाबांनी ब्रश पुसला. 'हात लावू नये'च्या पाट्यांसाठी राखून ठेवलेला लाल डबा उघडला आणि लेकीकडे वळले.

"हं, बाई. सांगा, काय लिहू?"

तिनं बॅगेचा पट्टा खांद्यावर नीट केला आणि दालनाच्या त्या टोकाला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं.