रिकाम्या डबीची जागा

हेल्मी या जुन्या मैत्रिणीच्या पत्राला रेइनोने उत्तर दिलं नव्हतं, त्याला नऊ वर्षं झाली होती. पत्रात प्रश्न एकच होता. तो त्याला आज पुन्हा आठवला, बहिणीने सीडीची एक प्लास्टिकची डबी कानाशी धरून हलवली तेव्हा.

"ही रिकामीच आहे रे," आइली म्हणाली. "टाकू?"

"राहू दे."

जेवणाच्या टेबलावर सहाशे सीडी पसरल्या होत्या. शुक्रवारी रेइनो कॅनडातल्या थंडर बेमधलं आपलं घर सोडून म्हाताऱ्यांसाठीच्या इमारतीत एका खोलीत राहायला जाणार होता. तिथे फळी एकच. डब्यांसकट ठेवल्या तर निम्म्या सीडी मागे राहणार. डब्या टाकून कप्प्यांच्या फाइलींत घातल्या तर सगळ्या मावणार. पण ओरखडे पडतील, कडेवरची नावं जातील. वाचनालयात चाळीस वर्षं काढलेल्या या माणसाने तीन आठवडे दोन्ही बाजूंची टिपणं काढली होती. शेवटी आइलीच फाइली घेऊन आली.

"तुझं आयुष्य टिपणं काढण्यात गेलं," ती म्हणाली आणि डब्या उघडायला लागली.

तो एकेक सीडी कडेने धरून कप्प्यात सरकवत होता. चेलोवादनापाशी आल्यावर त्याने एक कप्पा सोडला.

आइलीने चष्मा वर केला. "एक राहिला."

"ती जागा आहे."

"कुणाची?"

त्याने वेलचीच्या पावाचे कण बोटाने एका बाजूला सारले. "हेल्मीकडे आहे ती. सडबरीला मुलाकडे राहायला गेली, तेव्हा तिच्या प्लेअरमध्येच राहिली. पोस्टाने पाठवू की न्यायला येतोस, असं विचारलं होतं तिने."

"मग?"

"सहज विचारलं असेल तर? मी आपला येतो म्हणायचं, आणि..."

"मग पाठव म्हणायचं."

डब्यांच्या रांगेत ती रिकामी डबी इतकी वर्षं भरल्या डब्यांसारखीच उभी होती. फाइलीत मात्र कप्पा उघडा दिसत होता.

"नाताळात तिचं कार्ड येतं मला," आइली म्हणाली. "खाली दर वर्षी एकच ओळ. 'रेइनोचा विचार करून झाला का?' मला वाटायचं, तुझी चेष्टा करते."

"कधी बोलली नाहीस."

"तू कधी विचारलंस?"

रेइनोने टिपणांतला एक कागद उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर लिहिलं. त्याला खाडाखोड करावी लागली नाही. 'सीडी पाठवू नकोस. तिची डबी पाठवतो आहे. बारा तारखेच्या बसने ऐकायला येतो.'

आइलीने खांद्यावरून वाचलं. "तेरा तास बस! तुझे गुडघे अर्ध्या वाटेतच उतरून जातील," ती म्हणाली, पण तोवर ती जाड पाकीट शोधायलाही लागली होती.

औषधांच्या दुकानातल्या पोस्टाच्या खिडकीवर बाईंनी पाकीट तोललं.

"आत फुटण्यासारखं काही?"

डबीचा कोपरा तर केव्हाचाच तडकलेला होता.

"हो," रेइनो म्हणाला. "आहे."

बाईंनी 'नाजूक' असा लाल शिक्का मारला आणि पाकीट न फेकता टोपलीत अलगद ठेवलं.