वाकडी हद्द

शंभर लोखंडी कड्या, दोन पितळी मुठी, दर दहा कड्यांवर एक असे नऊ पितळी बिल्ले. लांबी सहासष्ट फूट. मित्रांनो, मी मोजणीची जुनी साखळी आहे. बेळगावात घडले, जोयड्याच्या रानात झिजले. चिखलातून, काट्यांतून ओढली जाऊनही मी कधी खोटं माप दिलं नाही. "साखळी सांगंल ते खरं," लोक म्हणत. म्हणूनच त्या दिवशी मी फार गोंधळले.

साल एकोणीसशे बारा. नंदिगड्डे गावाजवळ सरकारी जंगल आणि गावाचं रान यांमध्ये हद्द आखायची होती. सरकारी बाजूची झाडं ठेकेदार तोडणार होता. परशुराम मोजणीदाराने माझी मागची मूठ धरली. पुढची गावच्या झिलूकडे होती. झाडी इतकी दाट, की पुढचा माणूस दिसत नव्हता. नकाशाप्रमाणे सरळ बारा साखळ्या भरायला हव्या होत्या. भरल्या जवळजवळ पंधरा!

मी ताणले गेले होते का? पण ताणलेल्या साखळीने अंतर कमी भरतं. इथे तर वाढलं होतं.

"झिलू, सरळ चालाय येत न्हाई व्हय रे? सकाळीच घेतलीस काय?" परशुराम ओरडला.

"न्हाई सायबा. मधी देवाचं रान हाय. तितं लोखंड नेत न्हाईत. वळसा घालून आलो."

"हद्द म्हंजे काय तुझी म्हस हाय, वळसे घालाय?"

शेजारी गवत कापणारी झिलूची मावशी फुला विळा टाकून उठली.

"सायबा, त्या रानात झरा हाय. झाडं गेली की झरा गेला. मग आमच्या भाताला तुमच्या कागदातनं पाणी सोडणार काय?"

परशुरामने जोडे काढले, मला बाहेर दगडावर ठेवलं आणि तो तिच्यामागून आत गेला. आत काय आहे, ते मी आजवर पाहिलेलं नाही. तो परतला तेव्हा त्याच्या बाह्या कोपरापर्यंत भिजल्या होत्या.

"मावशी, हद्द कुठनं न्यायची? तुमीच दावा," तो म्हणाला.

मग पुन्हा मोजणी झाली. कोणत्या झाडापाशी वळायचं, ते फुला सांगत होती. माझा गोंधळ मात्र वाढला. नकाशातले बारा खरे की माझे पंधरा? माझ्या कड्या तर दोन्ही वेळा तेवढ्याच होत्या.

"हद्द वाकडी का?" असं वरच्या कचेरीने विचारलं. परशुरामने दोन पानी उत्तर लिहिलं. खाली फुला आणि झिलू यांचे अंगठे उठले.

आता खुंटीवर लटकून मला गंज चढतो आहे. कुणी वर्षातून एकदा तेलाचा बोळा फिरवला तर बरं होईल. आणि मित्रांनो, पुन्हा कुठलं रान मोजायला मला न्याल, तेव्हा माझी एक मूठ तिथल्या माणसाच्या हाती द्या, आणि तो वळला तर का वळला ते विचारा.

मंजूर होऊन आलेल्या नकाशावर लिहिलं होतं : हद्दीची लांबी चौदा साखळ्या, पंच्याऐंशी कड्या. वळशामुळे गावाकडे आलेलं रान, एकोणचाळीस गुंठे.